सेकंदाला चाळीस हजार, तरीही फारच थोडे

२३ मार्च १९८९ या दिवशी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एक पत्रकार परिषद झाली. स्टॅन्ली पॉन्स आणि त्यांचे इंग्लंडमधले ज्येष्ठ सहकारी मार्टिन फ्लाइशमन हे दोघेही विद्युत-रसायनशास्त्रातले माणूस. त्यांनी जगाला सांगितलं की सूर्याच्या पोटात जे घडतं ते आम्ही काचेच्या भांड्यात, साध्या खोलीच्या तापमानाला घडवलं आहे. भांड्यात होतं जड पाणी, म्हणजे ज्यातल्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम असतो ते पाणी. त्यात पॅलेडियम धातूची कांडी, तिच्याभोवती प्लॅटिनमची तार आणि जोडीला वीज. पॅलेडियमला हायड्रोजन पिण्याचं व्यसनच असतं. स्वतःच्या आकारमानाच्या नऊशेपट वायू तो पोटात घेतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. तर या कांडीत ड्यूटेरियम ठासून भरलं की त्याची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळतात आणि दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, असा दावा होता.

हीच ती ‘कोल्ड फ्यूजन’ची गोष्ट. बहुतेकांच्या आठवणीत ती ‘उष्णता निघाली की नाही निघाली’ एवढ्यापुरती उरली आहे. माझ्या मते खरी चुरस उष्णतेची नव्हतीच, न्यूट्रॉनची होती. उष्णता मुकी असते. भांडं गरम झालं, पण कशामुळे, हे ती सांगत नाही. रासायनिक क्रियेची उष्णता आणि अणुकेंद्रातली उष्णता यांत थर्मामीटर भेदभाव करत नाही. न्यूट्रॉन मात्र आपलं गाव सांगतो. तो अणुकेंद्रातूनच येतो, दुसरीकडून येऊच शकत नाही, आणि किती ऊर्जा घेऊन आला यावरून कोणत्या क्रियेतून आला तेही ओळखता येतं.

आधी हिशेब

ड्यूटेरियमची दोन अणुकेंद्रं एकत्र आली की पुढे काय होतं, हे प्रयोगशाळांतून अनेक दशकं मोजलं गेलं आहे. साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचा तिप्पट वजनाचा भाऊ) आणि एक प्रोटॉन. हेलियम-४ आणि गॅमा किरण, हा तिसरा रस्ता इतका दुर्मीळ की कोटीभर क्रियांत एखाद्या वेळी दिसावा. पहिल्या रस्त्याने निघालेल्या न्यूट्रॉनकडे २.४५ एमईव्ही ऊर्जा असते. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. अणुकेंद्राच्या जगात ऊर्जा याच मापाने मोजतात.) २.४५ हा आकडा लक्षात ठेवा, तो या न्यूट्रॉनचा अंगठ्याचा ठसा आहे.

आता एक वॅट उष्णता, फक्त एक वॅट, या संलयनातून, म्हणजे केंद्रांच्या या मिसळण्यातून, यायची असेल तर किती क्रिया लागतील? दर क्रियेला सरासरी ३.६५ एमईव्ही धरले तर सेकंदाला पावणेदोन लाख कोटी क्रिया होतात. त्यातल्या निम्म्या न्यूट्रॉन देतात. म्हणजे एका वॅटमागे सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन. एवढ्या माऱ्यासमोर कोणत्याही आडोशाशिवाय मीटरभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला काही तासांत प्राणघातक किरणोत्सर्ग मिळेल. भौतिकीच्या लोकांत तेव्हा एक काळा विनोद फिरत होता: हा प्रयोग खरा असेल तर तो करणारे विद्यार्थी जिवंत कसे?

पॉन्स-फ्लाइशमन यांनी वॅटच्या मापात जास्तीची उष्णता मिळाल्याचं सांगितलं होतं. न्यूट्रॉन किती सांगितले? सेकंदाला सुमारे चाळीस हजार. ऐकायला आकडा भरभक्कम आहे. पण एका वॅटला जेवढे हवेत त्यापेक्षा तो दोन कोटींहून अधिक पटींनी लहान आहे. उलटा हिशेब करा. चाळीस हजार न्यूट्रॉन अगदी खरे धरले तरी त्यांच्यामागच्या संलयनातून सुमारे पन्नास नॅनोवॅट मिळतात. एवढ्यात चहा तर सोडाच, चहाचा एक थेंबही कोमट होणार नाही.

इथेच वादाचे दोन तुकडे झाले, आणि आजही वाचताना ते वेगळे ठेवले नाहीत तर घोळ होतो. पहिला दावा उष्णतेचा. तो खरा असेल तर ती नेहमीच्या संलयनाची उष्णता असू शकत नाही, कारण तेवढे न्यूट्रॉन कोणालाच दिसले नाहीत. हे तर दावा करणारेही मान्य करत होते. दुसरा दावा मूठभर न्यूट्रॉनचा. तो खरा असला तर त्यातून वीज मिळणार नाही, पण भौतिकीला धक्का मात्र बसेल. कारण सिद्धांत सांगतो की थंड अवस्थेत ड्यूटेरियमच्या रेणूतली दोन केंद्रं आपोआप मिसळण्याची शक्यता इतकी क्षुल्लक आहे की सूर्याएवढ्या वजनाचं ड्यूटेरियम घेतलं तरी वर्षाला जेमतेम एक-दोन क्रिया व्हाव्यात. पॅलेडियममध्ये गर्दी केल्याने फरक पडेल असं वाटतं खरं, पण धातूच्या आत शेजारशेजारच्या दोन ड्यूटेरियम केंद्रांमधलं अंतर साध्या ड्यूटेरियम वायूच्या रेणूतल्या अंतरापेक्षा उलट जास्तच असतं. म्हणजे ‘ठासून भरलं’ हे वर्णनच फसवं आहे.

युटाचा डोंगर चुकीच्या जागी

चाळीस हजार हा आकडा आला कुठून? त्यांच्याकडे न्यूट्रॉन मोजायची एक नळी होती. विकिरण सुरक्षेसाठी वापरतात त्या प्रकारची. तिच्यात नेहमीच्या तिपटीएवढे ठोके पडले. पण त्यांचा मुख्य पुरावा गॅमा किरणांचा होता. पेशीतून (म्हणजे वीज जोडलेल्या त्या भांड्यातून, इंग्रजीतला ‘सेल’) निघालेला न्यूट्रॉन भोवतीच्या पाण्याच्या टाकीत ठेचकाळत मंद होतो, मग पाण्यातल्या एखाद्या हायड्रोजनच्या केंद्रात शिरतो आणि त्या क्षणी २.२२ एमईव्हीचा गॅमा किरण बाहेर पडतो. हा किरण दिसला तर न्यूट्रॉन होता. आडवळणाचा पुरावा, पण तर्क बरोबर आहे. त्यांनी आलेख छापला. त्यावर एक टोकदार डोंगर होता.

बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये रिचर्ड पेट्रासो आणि त्यांचे सहकारी तो आलेख पाहून चक्रावले. गॅमा किरण मोजणाऱ्या स्फटिकात डोंगर कधी एकटा येत नाही. त्याच्या अलीकडे, कमी ऊर्जेच्या बाजूला, एक ठरावीक उतरण येते. काही किरण पूर्ण ऊर्जा न देता निसटतात, त्यांची ती खूण. २.२२ च्या किरणासाठी ही उतरण १.९९ एमईव्हीजवळ असायला हवी होती. आलेखात तिचा पत्ताच नव्हता. शिवाय डोंगर जरा जास्तच निमुळता होता. त्या स्फटिकाची नजर एवढी तीक्ष्ण असूच शकत नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत आवडतं काम वाटतं. युटाच्या प्रयोगशाळेचं चित्रण टीव्हीच्या बातम्यांत दाखवलं गेलं होतं आणि त्यात मागे एका पडद्यावर गॅमा किरणांचा पूर्ण आलेख दिसत होता. पेट्रासोंच्या गटाने ते चित्र थांबवून वाचलं. जगातल्या कुठल्याही खोलीत अशा यंत्राला दोन ओळखीचे डोंगर दिसतातच: भिंतींमधल्या पोटॅशियमचा १.४६ वर आणि थोरियमच्या कुळातल्या थॅलियमचा २.६१ वर. ते टीव्हीवरच्या आलेखात होते. त्यांच्या आधाराने पट्टी आखली तेव्हा २.२२ च्या जागी काहीच नव्हतं. छापलेला डोंगर यंत्राची करामत असावी आणि तो मुळात २.५ च्या आसपास बसत असावा, असा त्यांचा निष्कर्ष १८ मे १९८९ च्या ‘नेचर’मध्ये आला. परिषदेला अजून दोन महिनेही झाले नव्हते.

न्यूट्रॉन मोजणं इतकं अवघड का

इथे थोडं थांबून यंत्राकडे बघायला हवं, कारण पुढचे सगळे वाद यंत्राचे आहेत.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो तारेत प्रवाह निर्माण करत नाही, फिल्मवर थेट रेघ ओढत नाही. त्याला पकडायचं तर दुसऱ्या कोणाला तरी धक्का मारायला लावायचं आणि त्या दुसऱ्याला मोजायचं. बोरॉन ट्रायफ्लोराइड वायूची नळी हा जुना मार्ग. तीत न्यूट्रॉन बोरॉनच्या केंद्रात शिरतो, केंद्र फुटतं आणि भार असलेले तुकडे उडतात. हेलियम-३ वायूच्या नळीतही असंच. या नळ्यांना मंद न्यूट्रॉन आवडतात, म्हणून त्यांच्याभोवती पॅराफिन मेणाचा जाड थर देतात. मेणातल्या हायड्रोजनवर आपटून आपटून न्यूट्रॉन मंदावतो. पण या मंदावण्यात त्याची मूळची ऊर्जा, म्हणजे तो २.४५ चा ठसा, पुसला जातो. उरतो फक्त ठोका: टिक.

या नळ्यांवर हजार-दोन हजार व्होल्टचा दाब असतो. जोडणीवर ओल धरली, तापमान बदललं, जवळ कोणी पंप चालू केला, तर नळीतून बारीकशी वीज झिरपते आणि ती मोजणाऱ्याला न्यूट्रॉनसारखीच टिक वाटते. मुंबईच्या जुलैत ज्याने जुना रेडिओ चालवला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जॉर्जिया टेकच्या गटाचं १९८९ च्या एप्रिलमध्ये हेच झालं. १० तारखेला त्यांनी न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि आठवडा उलटायच्या आत मागे घेतलं, कारण त्यांची नळी उष्णतेने टिकटिकत होती. चालू पेशी गरम होते, बंद पेशी गार असते. नळी प्रामाणिकपणे तेवढंच सांगत होती. मोठ्या विद्यापीठातल्या लोकांनी दावा इतक्या झटकन आणि उघडपणे मागे घेतला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

दुसरी अडचण आकाशातून येते. अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेच्या रेणूंवर आदळतात आणि न्यूट्रॉनचा सडा पडत राहतो. समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेवर दर सेकंदाला साधारण एक. जितकं उंच जाल तितके जास्त, आणि युटा विद्यापीठ ज्या गावात आहे ते सॉल्ट लेक सिटी तेराशे मीटर उंचीवर आहे. बरं, हा सडा स्थिरही नसतो. हवेचा दाब उतरला की वरचं हवेचं पांघरूण पातळ होतं आणि न्यूट्रॉन वाढतात. दाबातल्या दर मिलिबारमागे साधारण पाऊण टक्का. म्हणजे वादळ येण्याआधी दाब वीस मिलिबारने उतरला तर ठोके पंधराएक टक्क्यांनी वाढलेले दिसतील. आज जड पाण्याची पेशी मोजली, उद्या तुलनेसाठी साध्या पाण्याची मोजली, आणि मधे हवा पालटली, की झाला ‘शोध’.

यावर कोणी म्हणेल, शिशाच्या विटा लावा. गॅमा किरणांसाठी शिसं ठीकच आहे. न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र ते घरभेदी ठरतं. जोमदार विश्वकिरण शिशाच्या केंद्रावर आदळला की त्यातून एकदम अनेक न्यूट्रॉन फुटतात. एकच क्षण, पण नळीत ठोक्यांचा झुबका. हा झुबका पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

शेजारचा दावेदार

युटा विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर, प्रोव्हो गावी, ब्रिगम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स हे भौतिकीचे प्राध्यापक वेगळ्याच वाटेने याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी उष्णतेचा दावा केलाच नाही. न्यूट्रॉन मात्र दिसले, असं म्हटलं. किती? पेशीतून सेकंदाला एक न्यूट्रॉनही धड भरणार नाही इतके. पण त्यांचं यंत्र ऊर्जा ओळखणारं होतं आणि वाढ २.५ एमईव्हीच्या आसपास दिसत होती. त्यांचा लेख २७ एप्रिल १९८९ च्या ‘नेचर’मध्ये आला.

जोन्स यांचा दावा मला नेहमीच जास्त गंभीर वाटत आला आहे, कारण तो स्वतःच्या आकड्यांशी भांडत नव्हता. पण इतक्या थोड्या ठोक्यांत चूक आणि सत्य यांच्यातलं अंतर केसाएवढं उरतं. येल आणि ब्रुकहेवनच्या गटाने अधिक आडोशाचं, अधिक नेमकं यंत्र लावलं, त्यांना काही मिळालं नाही. ब्रिटनच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्राने मोठ्या प्रमाणावर पेशी तपासल्या, त्यांनाही नाही. पुढे खुद्द जोन्स यांनीच सुधारलेल्या यंत्राने पॅलेडियमच्या पेशी पुन्हा तपासल्या आणि १९९४ मध्ये ‘काही आढळलं नाही’ असा अहवाल दिला. स्वतःच्या दाव्यावर स्वतःच असा शेरा मारणारे लोक या क्षेत्रात फार नाहीत.

पॉन्स यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही एक तपासणी झाली. युटा विद्यापीठातल्याच मायकेल सॅलमन यांच्या गटाने चालू पेशींच्या टेबलाखाली सोडियम आयोडाइडचा स्फटिक ठेवून पाच आठवडे मोजणी केली. संलयनाच्या कुठल्याही ज्ञात क्रियेतून आलेली शक्ती असलीच तर मायक्रोवॅटपेक्षा जास्त नाही, असं निघालं. त्यावर पॉन्स यांच्याकडून उत्तर आलं की एका पेशीने दोन तास उष्णतेची उसळी मारली होती, पण नेमकी तेव्हा तुमची यंत्रणा बंद होती! बिनतोड वाटावं असं उत्तर. पण स्फटिकात सोडियम असतं. न्यूट्रॉनचा मारा झाला असता तर त्यातल्या काही सोडियमचं किरणोत्सर्गी सोडियम-२४ झालं असतं, आणि त्याचा अर्धायुकाल पंधरा तासांचा आहे. म्हणजे यंत्रणा झोपली तरी स्फटिक जागाच होता. त्यांनी स्फटिकाचीच झडती घेतली. त्यात सोडियम-२४ ची खूण मिळाली नाही.

ट्रॉम्बेतले झुबके

आता आपल्या घरची गोष्ट. हा वाद भारतात कुठे सर्वांत रंगला असेल तर मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार न्यूट्रॉन भौतिकीतले मुरलेले गृहस्थ होते, १९७४ च्या पोखरण चाचणीतल्या प्रमुख लोकांपैकी एक. जड पाणी, न्यूट्रॉन मोजणी, ट्रिटियम मोजणी हे तिन्ही जिथे रोजचं काम आहे अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. युटाची बातमी आल्यावर काही आठवड्यांत तिथे अनेक गट कामाला लागले. एका गटाने तर नवी पेशी बांधण्यात वेळ न घालवता हायड्रोजन तयार करण्याचं बाजारात मिळणारं मिल्टन रॉय यंत्रच घेतलं, ज्यात पॅलेडियम आणि चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्या असतात, आणि साध्या पाण्याऐवजी त्यात जड पाणी भरलं. एप्रिल १९८९ मध्येच तिथे न्यूट्रॉनचे झुबके दिसल्याची नोंद आहे. सगळ्या गटांचं काम डिसेंबर १९८९ च्या ‘बीएआरसी-१५००’ या अहवालात एकत्र आलं. एम. श्रीनिवासन यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं.

ट्रॉम्बेच्या दाव्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, न्यूट्रॉन एकसारखे न येता झुबक्यांनी येतात. याचा अर्थ समजायला पत्र्यावरचा पाऊस आठवा. रिमझिमीत थेंब कधी दोन लागोपाठ पडतात, कधी बराच वेळ एकही नाही. तरी त्यामागे एक नियम असतो आणि कुठला झुबका ‘नुसता योगायोग’ ते गणिताने सांगता येतं. समजा नळीत सरासरी दोन सेकंदांना एक ठोका पडतो. एकाच सेकंदात पाच किंवा जास्त ठोके पडायची शक्यता किती? साधारण सहा हजारांत एक. फारच दुर्मीळ, असं वाटेल. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे पेशीत काहीही घडत नसताना असे झुबके रोज पंधराएक वेळा दिसायलाच हवेत. ट्रॉम्बेच्या लोकांना हे नीट माहीत होतं. त्यांनी ठोक्यांचं हे गणित मांडून योगायोगापेक्षा जास्त झुबके दिसतात असं दाखवायचा प्रयत्न केला, वेगवेगळ्या नळ्यांचे संच लावले. इटलीत फ्रास्काती इथे फ्रान्चेस्को स्कारामुत्सी यांच्या गटाला टायटॅनियमच्या किसात ड्यूटेरियम वायू भरून, गार-गरम करताना असेच झुबके दिसले होते. अमेरिकेच्या लॉस अलामोसमध्येही.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की योगायोग वगळला तरी झुबक्याची दुसरी कारणं शिल्लक राहतात. विश्वकिरणाने जड धातूत उडवलेला सडा हा तंतोतंत असाच दिसतो. ओलीने झिरपलेली वीजही. आणि झुबका केव्हा येईल हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्याला बोलावून ‘बघ’ म्हणता येत नाही.

ट्रॉम्बेची दुसरी गोष्ट अधिक गोंधळात टाकणारी आहे. त्यांना ट्रिटियम खूप मिळालं आणि न्यूट्रॉन फार कमी: एका न्यूट्रॉनमागे कोटीच्या घरात ट्रिटियमचे अणू. मघाचा निम्मा-निम्मा नियम इथे पार कोलमडतो. समर्थक म्हणाले, बघा, धातूच्या आत नवीनच क्रिया चालते. पण एक अडचण उरते. नेहमीच्या संलयनात जन्मलेलं ट्रिटियम १.०१ एमईव्ही ऊर्जा घेऊन सुटतं. भोवती ड्यूटेरियमची गर्दी असताना त्यातले काही अणू ड्यूटेरियमवर आदळून १४ एमईव्हीचे जोमदार न्यूट्रॉन देणारच. तेही एवढे कमी असतील, तर ट्रिटियम जवळजवळ स्थिर अवस्थेत जन्मलं असं मानावं लागतं. मग सुटलेली ऊर्जा गेली कुठे? दुसरा, साधा पर्याय असा की ट्रिटियम आधीपासूनच कुठेतरी होतं. जड पाण्यात ते थोडं असतंच, आणि विद्युत विघटन चालू ठेवलं की मागे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. ही वाढ हिशेबात धरली होती, असं ट्रॉम्बेचे लोक सांगत. दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर माझं मत असं, की त्या अहवालातलं काम घाईचं असलं तरी थिल्लर नव्हतं. पण अय्यंगार १९९० मध्ये अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी गेले, केंद्रातलं काम हळूहळू आटलं, आणि तेच झुबके दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे, हुकमी काढून दाखवल्याशिवाय तो अहवाल जिथे होता तिथेच राहिला.

चष्म्याच्या काचेवरची तीन टिंबं

नळीवर विश्वास नसेल तर वीज लागतच नाही असं यंत्र वापरा, हा पुढचा डाव. सीआर-३९ हे प्लॅस्टिक तुमच्या चष्म्यातही असेल. त्यात भार असलेला कण घुसला की आतल्या साखळ्या तुटतात. नंतर ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात काही तास ठेवलं की तुटलेली जागा लवकर खाल्ली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली खड्डा दिसतो. ओल नाही, व्होल्ट नाही, खोटी टिक नाही.

सॅन दिएगोच्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत पामेला मोझियर-बॉस आणि सहकाऱ्यांनी पेशीतच सीआर-३९ ची पट्टी ठेवली. पॅलेडियमची कांडी घेण्याऐवजी ते जड पाण्यातल्या क्षारातून पॅलेडियम आणि ड्यूटेरियम एकदमच तारेवर बसवत. पट्टीवर त्यांना खड्डे मिळाले, आणि त्यांतले काही एका बिंदूतून फुटलेल्या तीन टिंबांसारखे. याचा अर्थ त्यांनी असा लावला: प्लॅस्टिकमधल्या कार्बनच्या केंद्रावर जोमदार न्यूट्रॉन आदळला आणि कार्बनचे तीन अल्फा कणांत तुकडे झाले. यासाठी न्यूट्रॉनकडे साडेनऊ एमईव्हीहून जास्त ऊर्जा लागते, म्हणजे २.४५ वाला तो नव्हे. हे काम २००९ च्या मार्चमध्ये सॉल्ट लेक सिटीतच जाहीर झालं, पहिल्या परिषदेला बरोबर वीस वर्षं होत असताना.

पुरावा देखणा आहे हे खरं. पण सीआर-३९ ला वेळेची जाण नसते. पेशीत बुडवण्यापूर्वी कपाटात पडून असताना विश्वकिरणांच्या न्यूट्रॉनने उमटवलेली टिंबंही तिच्यावर तशीच राहतात. पेशीतलं रसायन पट्टी खातं ते वेगळंच. आणि तीन टिंबांच्या खुणा मोजक्या मिळाल्या होत्या. खड्डे अल्फा कणांच्या मानाने फार मोठे आहेत, असा आक्षेप समर्थकांच्याच वर्तुळातून आला. मला या प्रयोगात खटकतं ते वेगळं: तीन टिंबांवरून न्यूट्रॉन होता असं म्हणता येतं, पण तो पेशीतून आला की छतातून, हे टिंबं सांगत नाहीत. त्यासाठी तीच पट्टी, तितकाच काळ, तशाच पण ड्यूटेरियम नसलेल्या पेशीत, आणि कुठली पट्टी कुठली हे मोजणाऱ्याला माहीत नसताना मोजायला हवी.

ज्यांच्याबद्दल भांडण नाही असे न्यूट्रॉन

टेबलावर मावणारं संलयन अशक्य आहे, असा समज करून घेतलात तर तोही चुकीचा. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लिथियम टँटलेटचा छोटा स्फटिक ड्यूटेरियम वायूत ठेवून नुसता गरम केला. गरम होताना या स्फटिकावर प्रचंड विद्युतदाब तयार होतो, तो ड्यूटेरियमला वेग देतो आणि समोरच्या ड्यूटेरियम भरलेल्या चकतीवर आदळवतो. न्यूट्रॉन निघाले, नेहमीच्या पातळीच्या सुमारे चारशेपट, आणि ऊर्जा २.४५ एमईव्ही. कोणी वाद घातला नाही. का, ते उघड आहे: वेग कुठून आला हे माहीत होतं, ठसा जुळत होता आणि स्फटिक थंड केला की ठोके थांबत होते. ट्रॉम्बे आणि फ्रास्कातीचे झुबके समजा खरे असले, तर त्यांचं कारण असंच काहीसं असेल असं काही जण मानतात. ड्यूटेरियम पिऊन ठिसूळ झालेला धातू तडकतो, तडीच्या दोन काठांमध्ये क्षणभर मोठा विद्युतदाब तयार होतो आणि त्यात चार-दोन ड्यूटेरियम केंद्रं पळतात. म्हणजे कोल्ड फ्यूजन नव्हेच, एका चिरेत मावलेलं गरम फ्यूजन.

गुगलने पैसे दिलेल्या अनेक प्रयोगशाळांच्या गटाने २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये सांगितलं की जुने दावे काळजीपूर्वक तपासले, त्यांतून काहीही हाती लागलं नाही. पण त्या गटातले कॅनडाचे कर्टिस बर्लिंगेट थांबले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या चमूचा नवा लेख आला. पॅलेडियमच्या चकतीवर एका बाजूने ड्यूटेरियमचा गरम झोत मारायचा, हे साधं, मान्य संलयन. दुसऱ्या बाजूने जड पाण्यात वीज सोडून त्याच चकतीत आणखी ड्यूटेरियम भरायचं, म्हणजे युटाचीच युक्ती. वीज चालू केली की संलयनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढला. यंत्राला पंधराएक वॅट लागत होते, मिळणारी शक्ती फार तर अब्जांश वॅटच्या घरातली. या वेळी जास्तीच्या उष्णतेचा दावा कोणी केला नाही. पंधरा टक्क्यांची ती वाढ मोजली ती न्यूट्रॉनचे ठोके मोजून, कारण एवढीशी उष्णता कुठल्याच उष्णतामापकाला कळली नसती.